आडवा ट्रॅक्टर

"हा कुठे फोडू?" टिलोने फाटकातूनच ओरडून विचारलं.

त्याने छातीशी कवटाळून आणला होता तो चक्क एक कमोड होता. गुलाबी. अंगणात हशा पिकला.

"स्वतःच्या डोक्यावर फोड," आनेरोझे पायरीवरून म्हणाली. "पण माझ्या गुलाबांवर नको."

"आई, पुतणीचं लग्न आहे. कपबशीवर भागवलं तर काकाची अब्रू काय राहिली?"

कमोड दारातल्या फरशीवर असा आदळला की शेजारच्या कोंबड्या कुंपण ओलांडून पळाल्या. टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या. डोरीन आणि लेनार्ट, उद्याचे नवरा-नवरी, झाडू आणि पाटी घेऊन पुढे सरसावले. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी दारात फुटलेली भांडी दोघांनी मिळून झाडायची, आणि पाहुण्यांनी गोळा केलेला ढीग पुन्हा लाथाडायचा, हे आमच्याकडे चालतच आलेलं. बशा, कुंड्या, फरश्या, काहीही फोडा. फक्त काच फोडायची नाही.

"जावईबापू, झाडू उलटा धरलाय!"

"पश्चिमेकडे झाडू असतोच कुठे? तिथे कामाला बाई येते!"

लेनार्ट कासेलचा, जुन्या सीमेच्या पश्चिमेकडचा. तो हसला, झाडू सुलटा करून पुन्हा उलटा धरला, आणि त्या एका गोष्टीने त्याने अर्धं गाव जिंकलं. त्याच्या आईला मात्र हसू आलं नाही. कासेलच्या विहीणबाई पांढऱ्या पोशाखात खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या आणि बटाट्याच्या सॅलडमध्ये काहीतरी शोधत होत्या.

शेगडीपाशी सॉसेज उलटवत उभा असलेला फोल्कमार धाकट्या भावाकडे बघत राहिला. टिलो आला, हेच पुष्कळ होतं. ईस्टरच्या जेवणात दोघांची जी जुंपली, तेव्हापासून बोलणं बंद होतं. पण डोरीनने बापाला बजावलं होतं: साक्षीदार म्हणून सही करणार तर टिलोकाकाच. बरोबरच होतं तिचं. तिची आई पश्चिमेला नोकरीसाठी गेली ती गेलीच. फोल्कमार छपरं शाकारत गावोगाव फिरायचा, तेव्हा पोरीला शाळेत सोडणारा, तिच्या वेण्या घालणारा, तिला मोटरसायकल शिकवणारा टिलोच होता.

"एक सॉसेज दे," टिलो शेजारी येऊन म्हणाला. "करपलेलं. तुला तसंच जमतं."

"मोहरीचा सॉस तिकडे आहे."

बस, एवढंच. पण फोल्कमारच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं.

तेवढ्यात घरातून नवाल बाहेर आली. ओठांत टाचण्या, हातावर डोरीनचा पांढरा झगा. तिच्या देशात युद्ध पेटण्याआधी दॅर-एझ-झोरला तिचं लग्नाच्या कपड्यांचं दुकान होतं. आता ती टेकडीवरच्या जुन्या सुट्टीघरात राहत होती, जिथे एके काळी कापडगिरणीचे कामगार सुट्टीला यायचे आणि वसंतापासून निर्वासितांना ठेवलं होतं. आनेरोझे तिथे पडदे शिवायला जायची. दोघींचं पहिलं बोलणं टाक्यांवरून झालं, आणि तेही भांडण.

अंगणातला आवाज कमी झाला.

"ही इथे काय करते?" टिलोने विचारलं.

"तुझ्या पुतणीचा झगा कमरेत आत घेते आहे," आनेरोझे म्हणाली. "तुला येतं का शिवायला?"

"आई, मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही. कमरेला दोन बोटं सैल होता."

नवालने टाचण्या काढून हातात घेतल्या. "मी जाते," ती हळूच म्हणाली. "काम झालं. वडील एकटे आहेत."

"कुठे जात नाहीस. केक खाऊन जा," डोरीनने तिचा दंड धरला. मग काकाकडे वळली. "काका, आज नको. प्लीज."

"मी कुठे काय बोललो? मी एवढंच म्हणतो की गावातली शाळा बंद केली, पैसे नाहीत म्हणाले. डॉक्टर गेला, दुसरा आणला नाही. बस दिवसातून दोनदा. आणि सुट्टीघराला रंग द्यायला बरे पैसे निघाले!"

"शाळा काय नवालने बंद केली?" फोल्कमार म्हणाला.

"तिने नाही केली. पण आम्हाला विचारलं कुणी? आज त्यांची अजून एक बस भरून येणार आहे, ठाऊक आहे ना?"

"म्हणून तू रस्त्यात ट्रॅक्टर लावून आलायस. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

विहीणबाईंनी काटा खाली ठेवला. "आमच्याकडे असं होत नाही," त्या सुस्कारा टाकून म्हणाल्या. "पूर्वेकडच्या माणसांना अजून जगाची सवयच नाही. त्यांना समजून घ्यायला हवं."

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एका सुरात बोलले.

"आम्हाला समजून घेऊ नका," फोल्कमार म्हणाला.

"आणि सॅलडमध्येही काही शोधू नका, त्यात बटाटाच आहे," टिलो म्हणाला.

आनेरोझेला हसू आवरेना. लेनार्टसुद्धा पाटीमागे तोंड लपवून हसला. त्या घटकेला टिलो थांबला असता, तर सगळं वेगळं झालं असतं, असं फोल्कमारला पुढे कितीदा तरी वाटलं. पण रस्त्यावरून कुणीतरी हॉर्न दिला. टिलोने हातातलं सॉसेज संपवलं, डोरीनच्या कपाळावर ओठ टेकले.

"उद्या अकराला. नवा शर्ट घेतलाय."

आणि तो गेला.

*

टेकडीकडे जाणारा रस्ता जिथे गावाच्या रस्त्यापासून फुटतो, तिथे आज जत्रा भरली होती. टिलोने एवढी माणसं अपेक्षिली नव्हती. निर्वासितांविरुद्ध उभ्या राहिलेल्या नागरिक मंचाचे नेहमीचे लोक होतेच, पण मुलंबाळं घेऊन आलेली माणसं होती, थर्मासमधून कॉफी ओतणाऱ्या बायका होत्या, आणि शहरातून गाड्या भरून आलेली, कुणाच्याच ओळखीची नसलेली, डोकी भादरलेली पोरंही होती. मधोमध त्याचा जुना निळा ट्रॅक्टर, मागे गवताची ट्रॉली, दोन्ही मिळून रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत बंद. दोन्ही बाजूंना चर. गस्तीच्या गाडीतले दोन पोलीस बाजूला उभे राहून वायरलेसवर आणखी माणसं मागत होते.

"आम्हीच जनता! आम्हीच जनता!"

टिलोच्या अंगावर काटा आला. हीच घोषणा त्याने पोरवयात दिली होती, फोल्कमारच्या खांद्याला खांदा लावून, हातात मेणबत्ती धरून, तेव्हाच्या सरकारविरुद्ध. तेव्हाही असंच वाटलं होतं: आपण आहोत, आपल्याला मोजावं लागेल. मधली कितीतरी वर्षं त्याने ट्रक चालवला, रात्री गाडीतच झोपला, आणि त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. आज बायका त्याला कॉफी देत होत्या. "टिलो, ट्रॅक्टर मस्त लावलास!" कुणीतरी पाठीवर थाप मारली.

रिको गर्दीतून वाट काढत आला. रिको त्याचा शाळेपासूनचा मित्र, आणि फोल्कमार प्रमुख असलेल्या गावच्या स्वयंसेवी अग्निशमन पथकातला गडी. खांद्यावर पाठपिशवी, बरोबर शहरातले दोघं.

"येतोस?" रिकोने विचारलं. "जंगलातून वर जातोय. जरा त्यांना कळू दे की आम्ही आहोत."

"काय करणार?"

"आवाज. खिडक्यांवर दोन-चार दगड. तू बस, तू इथला हिरो."

त्याने पिशवी सावरली तेव्हा आत बाटल्या वाजल्या. बियर असेल, टिलोने मानलं. मानायचं ठरवलं. रिको झाडीत दिसेनासा झाला आणि टिलो ट्रॅक्टरच्या पायरीवर बसून घोषणा देऊ लागला.

भोंगा वाजला तेव्हा आधी कुणाला कळलंच नाही. अग्निशमन ठाण्याच्या छपरावरचा तो भोंगा दर महिन्याला तपासणीसाठी वाजतो. मग एका लहान मुलीने बोट वर केलं. टेकडीवर, सुट्टीघराच्या पाठीमागून, काळा धूर सरळ वर चढत होता.

कुणीतरी टाळी वाजवली. मग अनेकांनी वाजवली. कुणीतरी "हुर्रे" म्हणालं आणि शहरातली पोरं नाचायला लागली. कॉफीवाली एक बाई थर्मास छातीशी धरून म्हणाली, "अरे, आत माणसं आहेत ना?"  तिने मुलाचा हात धरला आणि ती घराकडे चालू लागली. पण बाकीचे बरेच थांबले.

टिलो पायरीवरून उठला. त्याच्या कानात बाटल्या वाजत होत्या.

*

डोरीनही बापाच्याच पथकात होती; पेजर वाजल्यापासून बंबात चढेपर्यंत तिने विचार केला नव्हता. शरीराने सगळं आपोआप केलं. हिरव्या फुलाफुलांच्या फ्रॉकवर जाकीट, वर शिरस्त्राण, पायांत बूट. अंगणातून पळताना नवालचा आवाज तेवढा कानात राहिला: "वडील! वरच्या मजल्यावर! त्यांचे गुडघे!" लेनार्टने नवाल आणि आजी दोघींना आपल्या गाडीत कोंबलं होतं आणि तो बंबाच्या मागोमाग येत होता.

फाट्यावर बंब करकचून थांबला.

फोल्कमारने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाजूला व्हा! बाजूला!"

माणसं हलली नाहीत. काहींनी तर हात एकमेकांत गुंफले.

"पाणी वाचवा, फोल्कमार! फुलांना घाला!"

"जळू दे!"

फोल्कमार खाली उडी मारून थेट भावासमोर गेला. "ट्रॅक्टर काढ."

टिलोने गर्दीकडे पाहिलं. शेकडो डोळे त्याच्यावर होते. ज्यांनी तासापूर्वी पाठ थोपटली, ते सगळे.

"काढू नको, टिलो!"

"टिलो, आत माणसं आहेत," फोल्कमार म्हणाला. आवाज चढवलाही नाही त्याने. "धूर बघ. जिन्याचा धूर आहे तो. त्यांना खाली येता येणार नाही."

"पोलिसांना सांग," टिलो कसाबसा म्हणाला.

डोरीनने एवढंच ऐकलं. वाट बघायला वेळ नव्हता. तिने बंबाच्या पाठीवरून जोडशिडीचे भाग सोडवले. "यान, डिर्क, धरा! पळतच जाऊ!" शिडी खांद्यावर घेऊन तिघं चरात उतरली आणि ट्रॉलीला वळसा घालून पलीकडे चढली. कुणीतरी तिच्या पाठीवर अंडं फेकलं. फोडलेल्या बशांच्या संध्याकाळी अंडं, तिच्या मनात आलं, आणि त्या धावपळीतही तिला हसू फुटलं, रडण्यासारखं. मग चढ लागला आणि श्वास पुरेना.

सुट्टीघराच्या तळमजल्यावरून, जिन्याखाली गाद्या ठेवल्या होत्या तिथून, ज्वाळा फुटत होत्या. वरच्या खिडक्यांत माणसं. कुणी चादर हलवत होतं, कुणी ओरडत होतं. काही जण मागच्या गच्चीवरून आधीच खाली उतरले होते. त्यांतला एक उंच माणूस शिडी पाहताच धावत आला आणि न सांगता शिडीचा पाय धरून उभा राहिला.

ती चढली. पहिल्या खिडकीतून दोन मुली आणि त्यांची आई. दुसऱ्या खिडकीतून एक तरुण, त्याला खोकल्याने उभंही राहवत नव्हतं. शेवटच्या खिडकीत म्हातारा इद्रिस बसला होता, नवालचा बाप. डोक्यावर टोपी, अंगात कोट, हातात जोडे. लग्नाला निघाल्यासारखा.

"बाबा, चला! पाय इकडे टाका!"

त्याने मान हलवली. आधी जोडे तिच्या हातात दिले. तिने ते खाली फेकले. मग त्याने एक पाय बाहेर काढला, गुडघा वाकेना, आणि त्याला आमच्या भाषेतला जो एकच शब्द येत होता तो तो म्हणाला:

"हळू."

"हळू कसलं, मागे आग आहे!"

"हळू," तो पुन्हा म्हणाला, आणि हात तिच्या गळ्यात टाकला. तेव्हा तिला कळलं, तो तिला धीर देत होता. तिचेच हात थरथरत होते.

*

आनेरोझे मेनर्ट लेनार्टच्या गाडीतून उतरली तेव्हा गर्दीला वाटलं, आई मुलाला समजवायला आली. तिने मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती ट्रॅक्टरकडे चालत गेली. शेतकी सहकारी संस्थेत तिने चौदाव्या वर्षापासून ट्रॅक्टर हाकला होता. हा निळा ट्रॅक्टर संस्था मोडली तेव्हा तिच्या नवऱ्याने, एगोनने, लिलावात घेतलेला. चावी लागलेली होती. टिलोने काढून घेतली नव्हती. बस आली तर चटकन पुढे-मागे करता यावं म्हणून. ती लागलेली आहे हे टिलोला माहीत होतं. तरी त्याने तिला जाऊ दिलं.

"ए म्हातारे, कुठे चाललीस?"

तिने पायरीवर पाय ठेवला. कंबर दुखत होती, गुडघा कुरकुरला. दुसरा पाय उचलला तोच एका भादरलेल्या पोराने तिचा घोटा धरून खाली ओढलं. आनेरोझेची हनुवटी लोखंडी पायरीवर आपटली. रक्ताची धार सुटली, तिच्या पांढऱ्या कॉलरवर.

टिलोने ते पाहिलं.

त्यानंतर काय झालं ते नंतर अनेकांनी अनेक तऱ्हेने सांगितलं. कुणी म्हणालं, त्याने त्या पोराला उचलून चरात फेकलं. कुणी म्हणालं, नुसता एकच ठोसा. खरं इतकंच की पोरगा खाली पडला आणि टिलो आपल्या आईच्या आणि गर्दीच्या मध्ये हात पसरून उभा राहिला.

"माझ्या आईला हात लावला! माझ्या आईला!"

"गद्दार!" कुणीतरी ओरडलं. "बघा, मेनर्ट फिरला!"

त्याच्या तोंडावर कॉफी पडली, मग एक मूठ. तो हलला नाही. फोल्कमार धावत येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला, मग बंबातले उरलेले गडी, मग लेनार्ट, ज्याने आयुष्यात कधी मारामारी केली नव्हती आणि जो हातात अजूनही तो झाडू घेऊन आला होता.

"आई, रिव्हर्स घे!" टिलो मान न वळवता ओरडला. "ट्रॉली आधी डावीकडे!"

"मला शिकवतोस?" तोवर सीटवर चढून बसलेल्या आईचा आवाज आला.

इंजिन धडधडलं. आनेरोझेने रिव्हर्स घेतलाच नाही. तिने गियर पुढचा टाकला आणि ट्रॅक्टर सरळ चरात घातला. पुढची चाकं खाली गेली, पलीकडे ओटच्या शेतात चढली. मागची ट्रॉली एकदा डुलली, दुसऱ्यांदा डुलली आणि बसथांब्याचं छप्पर घेऊन प्रचंड आवाज करत आडवी झाली. गवत सगळीकडे उडालं. माणसं किंचाळत मागे हटली. रस्ता मोकळा झाला.

बंब निघून गेला. त्याच्या मागे नवाल पळत होती, अनवाणी, चपला कधीच सुटल्या होत्या.

*

पाणी लागलं, आग विझली. वरच्या मजल्यावरचे सगळे जिवंत उतरले. धुराने गुदमरलेल्या तरुणाला रुग्णवाहिकेने नेलं, तो वाचेल असं डॉक्टर म्हणाल्या. इद्रिसबाबा गवतावर खुर्चीत बसले होते आणि नवाल त्यांच्या पायांशी बसून त्यांच्या जोड्यांची नाडी बांधत होती, पुन्हा पुन्हा, जरी ती बांधलेली होती.

टिलो चढ चढून वर आला होता. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही. तो झाडांपाशी उभा राहिला. आणि तेव्हा त्याने रिकोला पाहिलं. रिको पथकाचं जाकीट घालून पाण्याचा पाइप गुंडाळत होता, काजळीने तोंड काळं. फोल्कमार त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होता, "उशिरा का होईना, आलास. बरं झालं."

"रस्ता अडला होता," रिको म्हणाला.

मग त्याची नजर टिलोवर गेली. त्याने हळूच मान हलवली, दोन मित्रांनी हलवावी तशी.

टिलोने त्याच्याकडे पाठ फिरवली. तो एकटाच चढ उतरू लागला.

*

सकाळी आनेरोझे स्वयंपाकघरात कॉफी गाळत होती. हनुवटीवर टाके, त्यावर पट्टी. टिलो दारात आला, पण आत आला नाही. एक डोळा सुजून मिटला होता. अंगात नवा शर्ट होता.

"दार लाव, माशा येतात," ती म्हणाली.

तो बसला. तिने त्याच्यापुढे कप ठेवला नाही. हे घरात कधी झालं नव्हतं.

"दुखतंय?" त्याने विचारलं.

"बोलायचं ते बोल."

"मला माहीत आहे कुणी केलं."

फोल्कमार मागच्या दारातून आत येत होता, तो तिथेच थांबला.

"माझ्यासमोरून गेला. पिशवीत बाटल्या वाजल्या. मी ऐकल्या. मी..." टिलोने चेहरा चोळला. "मी म्हटलं, बियर असेल."

"कोण?" फोल्कमारने विचारलं.

"तुझ्या पथकातला."

फोल्कमार भिंतीला टेकला. कोण, हे त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. काल संध्याकाळी जो हात त्याने रिकोच्या खांद्यावर ठेवला होता, तो त्याने उलटसुलट करून पाहिला.

"नाव सांगितलं तर मला इथे राहता येणार नाही," टिलो म्हणाला. "तुम्हालाही त्रास देतील. खिडक्या फोडतील. तुला कल्पना नाही, आई."

"मला कल्पना नाही?" तिने पट्टीवर बोट ठेवलं.

"मी त्यांना मारायला नव्हतो गेलो. मला वाटलं, नुसती बस परत जाईल. मी वाईट माणूस नाही, आई."

आनेरोझेने त्याच्याकडे पाहिलं. हा तिचा धाकटा, पाळण्यात रडायचा तर अख्खी आळी जागी करायचा. तरी आवाज तिने घट्ट ठेवला.

"तो म्हातारा खिडकीत जोडे हातात घेऊन बसला होता, टिलो. तू चांगला की वाईट, ते तू आता ठरवायचंस. मी सांगितलं तर त्याला काही अर्थ नाही."

"मी तुला पोलीस ठाण्यावर सोडतो गाडीने," फोल्कमार म्हणाला.

"नको. तू नवरीचा बाप आहेस." टिलो उठला. "बसने जाईन."

"बस दिवसातून दोनदा आहे," फोल्कमार म्हणाला, आणि तिघांनाही एकदम हसू आलं, अवेळी, न आवरणारं, डोळ्यांत पाणी आणणारं. फोल्कमारने गाडीची किल्ली टेबलावरून भावाकडे सरकवली. टिलोने ती घेतली आणि गेला.

*

नगरपालिकेच्या विवाहकक्षात अकरा वाजून गेले तरी साक्षीदाराची जागा मोकळीच होती.

डोरीन उभी होती. झगा कमरेला अगदी नेमका बसला होता; केसांना मात्र अजून धुराचा वास होता, तीनदा धुऊनही गेला नव्हता. नवाल आणि इद्रिसबाबा शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांना आणायला विहीणबाई स्वतः गेल्या होत्या, क्रीडागृहात, जिथे त्यांना रात्री ठेवलं होतं. आणि तिथून परतल्यापासून त्या कुणालाच काही समजावून सांगत नव्हत्या. गावातली निम्मी माणसं आली नव्हती. रिकाम्या खुर्च्या मोजायच्या नाहीत असं सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं.

नोंदणी करणाऱ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "दुसरं कुणी सही करेल का?"

"थांबूया," डोरीन म्हणाली.

"माझ्या बाराच्या जोडप्याला..."

"थांबूया ना." लेनार्ट म्हणाला. "मी तर आयुष्यभर थांबायलाच आलोय."

आनेरोझे पहिल्या रांगेत ताठ बसली होती. शेजारच्या खुर्चीवर तिने पर्स ठेवली होती. डोरीनने दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. खाली चौकात दोनतीन टोळकी उभी होती, वर बघत होती. 

दार उघडलं.

टिलो आत आला. नवा शर्ट चुरगळला होता, डोळा निळा पडला होता, आणि तो जिना एका दमात चढून आल्यासारखा धापा टाकत होता. खालून येताना त्याच्यावर कुणीतरी थुंकलं होतं. बाहीवर ते तसंच होतं. तो दारातच थांबला. फोल्कमारने प्रश्न विचारावा तशी भुवई उचलली. टिलोने मान खाली-वर केली, एकदाच.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेवटच्या रांगेत इद्रिसबाबा कुणाची तरी वाट बघत असावेत तसे दाराकडे वळले होते. त्यांनी टिलोला ओळखलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. नवालने ओळखलं. तिने नजर वळवली नाही आणि ती हसलीही नाही.

टिलो रांगांमधून पुढे आला. कुठे बसावं त्याला कळेना.

आनेरोझेने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली आणि मांडीवर घेतली.